बस्तरच्या देवांची आयुधे

रायपूर येथील महंत घासीदास स्मारक संग्रहालय राजनांदगावच्या महंतांच्या आश्रयाने १८७५ साली स्थापन झाले. नव्या वास्तूचे उद्‌घाटन १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. शिल्पे व शिलालेख यांच्या जोडीला आदिवासींची शस्त्रे आणि अलंकारही तेथे जतन केलेले आहेत. अशा दालनातील आयुधांविषयी लिहिणारे त्यांची ‘उपयोगाची’ आणि ‘विधीची’ अशी वाटणी करून मोकळे होतात. ही वाटणी सोयीची खरी. परंतु ती वस्तूंच्या स्वभावाला मानवत नाही.

न्यू गिनीतील सेपिक नदीच्या प्रदेशातील खंजीर या संदर्भात उद्‌बोधक ठरतात. कॅसोवरी या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याच्या पायाच्या, आणि क्वचित मनुष्याच्या मांडीच्याही, हाडापासून ते घडवीत. त्यांवरील कोरीव काम पाहून ते केवळ मिरविण्याचे होत, असे कोणासही वाटावे. तथापि नॅथॅनिएल डॉमिनी व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली दाखवून दिले की, मानवी अस्थीच्या खंजिरात हाडाचा मूळ बाक अधिक राखलेला असल्याने तो पक्ष्याच्या हाडाच्या खंजिरापेक्षा सहजी मोडत नाही. जे प्रतिष्ठेचे, तेच अधिक टिकाऊ घडविलेले!

बस्तरमध्येही प्रतिष्ठा आणि धार एकत्रच नांदतात. मात्र आयुधाची दिशा उलटी आहे. सिरहा, म्हणजे ज्याच्या अंगात देव संचारतो तो, लोखंडी साखळीचे वा काटेरी गुर्जाचे आघात स्वतःच्याच पाठीवर करून घेतो. सेपिकचे टोक शत्रूकडे वळलेले, तर येथील टोक धारकाकडे. जगदलपूरच्या दसऱ्यात काछिनदेवीचा संचार झालेली कुमारिका काट्यांच्या झुल्यावर पहुडते आणि उत्सवास अनुमती देते; तेथेही तीक्ष्णतेची कसोटी अनुमती देणारीच्याच देहावर होते. स्वतःवर कोरडे ओढणारा पोतराज ज्याने पाहिला आहे, त्या मराठी वाचकास यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

‘गुर्ज’ हा शब्द मूळचा फारसी. मराठीत त्याचा अनुवाद ‘गदा’ असा केला की लगेच भीम आणि मारुती उभे राहतात, आणि आयुध पुन्हा शत्रूवर उगारले जाते. अनुवादकाने येथे ‘गुर्ज’च ठेवावा हे बरे.

लोखंडाकडे पाहण्याची आदिवासी दृष्टीही ध्यानात घेतली पाहिजे. व्हेरिअर एल्विन यांच्या १९४२ सालच्या ‘द अगारिया’ या ग्रंथात मैकल पर्वतराजीतील लोखंड गाळणाऱ्या जमातीचा लोहासुर आढळतो. त्याचा वास भट्टीतच असतो. ही जमात बस्तरपासून दूरची, म्हणून दोहोंची सरमिसळ करू नये. पण धातूच जेथे दैवत आहे, तेथे कुऱ्हाड लौकिक आणि साखळी अलौकिक असा भेद कोणत्या टप्प्यावर करावयाचा?

काचेच्या कपाटात साखळी दिसते, पाठ दिसत नाही. निदान नावाच्या पट्टीवर धातू आणि लांबी यांच्यापूर्वी, ती कोण उचलतो व कोणावर पडते, एवढे तरी नोंदविले जावे.