झोजीलाच्या पलीकडचा रस्ता

बालतालच्या वरच्या वळणावर आमची गाडी पाऊण तास थांबून होती. समोरून मिलिटरीचा ताफा उतरत होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी आणि तिच्या तळाशी अमरनाथ यात्रेसाठी उभारायला घेतलेले तंबू. मागे बसलेल्या मित्राचं रील काढून झालं, चिप्स संपले, रेंज तर कधीच गेली होती. शेवटी त्याने विचारलं, "चाचा, हा रस्ता बांधला कुणी?"

आमचे ड्रायव्हर चाचा कारगिलचे. साठीच्या आसपासचे, मोजकं बोलणारे. आरशात बघत म्हणाले, "कोणता बेटा? आत्ता आपण आहोत तो, की ज्याच्यावरून टँक गेले तो?"

आम्ही चौघंही पुण्यातल्या कंपन्यांमध्ये कोड लिहितो. श्रीनगर ते लेह हा प्लॅन आम्ही एका एक्सेल शीटमध्ये केला होता. मुक्काम, खर्च, फोटो काढायच्या जागा, सगळं होतं त्यात. टँकचा कॉलम नव्हता.

परत आल्यावर मी या रस्त्याबद्दल सापडेल ते वाचत सुटलो. त्यातलं बरंचसं आम्ही खिडकीतून पाहिलं होतं, फक्त पाहताना कळलं नव्हतं.

फावडी आणि डकोटा

१९४७च्या आधी श्रीनगरहून लेहला जायचं म्हणजे घोडी-खेचरं घेऊन पंधरा-सोळा मुक्काम. झोजीलावर चाकाची गाडी चढेल असा रस्ताच नव्हता. खिंड साधारण साडेअकरा हजार फुटांवर. हिवाळ्यात बर्फ पडलं की लडाख काश्मीरपासून तुटायचं.

१९४७च्या ऑक्टोबरअखेर गिलगिटमध्ये बंड झालं आणि तो भाग जम्मू-काश्मीर संस्थानाच्या हातून गेला. पुढच्या फेब्रुवारीत स्कर्दूच्या किल्ल्याला वेढा पडला. तिथे शेरजंग थापा मूठभर शिबंदी घेऊन लढत होते. १९४८च्या मे-जूनमध्ये कारगिल आणि द्रासही पडलं. लेहचा श्रीनगरशी जोडणारा रस्ता बंद झाला आणि लेहच्या रक्षणाला माणसं अगदी थोडी होती.

इथे गोष्टीत एक इंजिनिअर येतो. सोनम नोर्बू, लडाखचेच. १९४८च्या हिवाळ्यात पृथी चंद यांच्याबरोबर लाहौली सैनिकांची एक छोटी तुकडी बर्फातून झोजीला ओलांडून लेहला पोहोचली, तिच्यात हे होते. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूच्या काठच्या वाळवंटात धावपट्टी तयार केली. यंत्रं नाहीत. फावडी, कुदळी आणि माणसं.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी त्या पट्टीवर डकोटा विमान उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. विमानात केबिनचा दाब राखायची सोय नाही, या वाटेचा हवाई नकाशा नाही, आणि भोवती उंचच उंच शिखरं. त्यानंतर विमानांनी गुरख्यांची कुमक आणली आणि लेह वाचलं.

आमच्या ऑफिसात सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तरी कॉलवर बारा जण जमतात. नोर्बूंकडे दुरुस्त करायला दुसरी संधी नव्हती. पट्टी खचली असती तर पहिलंच विमान गेलं असतं.

बर्फातले रणगाडे

लेह वाचलं, पण रस्ता बंदच होता. सप्टेंबरात झोजीलावर झालेला हल्ला फसला. खिंडीच्या दोन्ही अंगांच्या गुहांतून आणि खडकांआडून मशिनगन चालत होत्या, पायदळाला पुढे सरकता येईना. तेव्हा थिमय्यांनी रणगाडे वर न्यायचं ठरवलं. सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, एकेक चौदा टनांच्या आसपास.

ते जम्मूकडच्या अखनूरहून श्रीनगरमार्गे बालतालला आणले गेले. कुणाला सुगावा लागू नये म्हणून वरचे तोफेचे घुमट काढून वेगळे केले होते. आणि बालतालहून वर जाणारी खेचरांची वाट मद्रास सॅपर्सनी रुंद करून घेतली, तीही शत्रूच्या माऱ्याखाली.

१ नोव्हेंबर १९४८. बर्फ पडत होतं. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे लढायला येतील हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मोर्चे सोडून ते मागे हटले. महिन्याच्या मध्याला द्रास आणि अखेरच्या आठवड्यात कारगिल परत हाती आलं. लेहची वाट मोकळी झाली.

लढाईच्या गोष्टीत नावं राहतात ती बहुधा गोळी झाडणाऱ्यांची. वाट करणारे मागे पडतात. याला मोठा अपवाद आपल्या ओळखीचा आहे: कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, नौशेराहून राजौरीकडे जाताना त्यांनी सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली आणि त्यांना परमवीरचक्र मिळालं. खडकीवरून मी रोज ऑफिसला जातो. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र तिथेच आहे, हे माहीत होतं. त्याचा काश्मीरच्या रस्त्यांशी संबंध कधी जोडला नव्हता.

जो रस्ता बंद झाला

द्रासला सगळे थांबतात तसे आम्हीही थांबलो. स्मारक, तोलोलिंगचं शिखर, १९९९. महामार्ग तिथून किती उघडा दिसतो हे कळायला उभं राहून वर बघणं पुरे. इथवरचा इतिहास मला साधारण ठाऊक होता आणि तो जिंकण्याचा होता.

कारगिलमध्ये चाचांनी चहाला घरी नेलं. नमकीन चहा, खोबानी. बाहेर सुरू नदीचा आवाज. मी सहज म्हणालो, "इथून लेहला किती वेळ?" वेळ सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि स्कर्दूला किती, ते विचार तुझ्या मोबाईलला."

मी टाकून पाहिलं. ॲपला रस्ता सापडला नाही.

संस्थानाच्या काळात लडाख वजारतीच्या तीन तहसिली होत्या: लेह, कारगिल, स्कर्दू. हिवाळ्यात सगळं दफ्तर स्कर्दूला हलायचं. कारगिल म्हणजे काश्मीर, लेह, झांस्कार आणि बाल्टिस्तान अशा चार वाटांचा चौक. गावातल्या मुन्शी अझीझ भट यांच्या नावाच्या संग्रहालयात त्यांच्या सरायीतला माल ठेवला आहे. मध्य आशियातून आलेलं सामान आणि घोड्यांची खोगिरं एकाच कपाटात दिसतात. १ जानेवारी १९४९ला युद्धबंदी झाली. तोवर १४ ऑगस्टला स्कर्दू पडलं होतं. सहा महिने वेढा सोसून थापांना शरण जावं लागलं होतं. मध्ये रेषा आली आणि चौकातली एक वाट संपली. पुढे १९७१मध्ये ती रेषा कारगिलजवळच्या हुंदरमान गावावरून सरकली. गाव भारतात आलं, कित्येकांचे नातेवाईक पलीकडे राहिले. तिथल्या जुन्या घरांत आता मागे राहिलेल्या वस्तू आणि पत्रं जपून ठेवली आहेत.

चाचांच्या आईची धाकटी बहीण लग्न होऊन स्कर्दूकडे दिली होती. माहेर दोन-चार मुक्कामांवर, म्हणून कुणाला काळजी वाटली नव्हती. आई तिला पुन्हा भेटली नाही. दोघीही आता नाहीत. पलीकडच्या मावसभावंडांशी व्हॉट्सॲपवर बोलणं होतं. एकदा त्यांनी व्हिडिओवर अंगणातलं खोबानीचं झाड दाखवलं. मावशीने इथल्या बिया नेऊन लावलेलं. "ही नदीसुद्धा तिकडेच जाते," चाचा म्हणाले. खरंच आहे. सुरू पुढे सिंधूला मिळते आणि सिंधू स्कर्दूवरून वाहते.

मला त्यांना काही विचारायचं होतं. रणगाडे आले ते चांगलं झालं ना, असं काहीतरी. विचारलं नाही. पण निघताना तेच म्हणाले, "टँक आले नसते तर लेहचंही स्कर्दू झालं असतं. ते बरंच झालं. आई मात्र रस्ता म्हटलं की स्कर्दूचाच समजायची."

लेहमध्ये आमच्यातल्या एकाला उंचीचा त्रास झाला. ऑक्सिजनसाठी त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. तासाभरात तो विनोद करायला लागला, तेव्हा कुठे माझं लक्ष पाटीकडे गेलं. सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल. हे कोण, ते तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवसांनी लेहच्याच विमानतळावरून आम्ही परतलो. धावपट्टीवर विमान वेग घेत होतं आणि मी त्या शीटमध्ये डिझेलचा हिशेब लिहीत होतो.

आता त्या शीटमध्ये एक ओळ वाढवली आहे: कारगिल ते स्कर्दू. अंतर, वेळ आणि खर्चाचे रकाने रिकामे आहेत. स्क्रीनशॉट चाचांना पाठवला. त्यांनी उत्तरात खोबानीच्या झाडाचा फोटो पाठवला, पलीकडच्या.