टिपेश्वरचे पाणवठे आणि मचाणावरचा स्वयंसेवक

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-घाटंजी परिसरातल्या टिपेश्वरच्या सुमारे १४८ चौरस किलोमीटर सागवानी जंगलाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. मात्र या मुलखात रात्र जागून जनावरांवर नजर ठेवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून वन्यप्राण्यांची नोंद करणारा स्वयंसेवक हा त्या रीतीचा अलीकडचा वारस होय, आणि म्हणून त्याच्या इतिहासाचा आरंभ शिकारीपासूनच करावा लागतो.

हे अरण्य उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे आहे, म्हणजे पावसाळा सरल्यावर काही महिन्यांतच येथील साग, धावडा आणि तेंदू पाने गाळू लागतात, वैशाखात ओढे कोरडे पडतात आणि उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते. शिकाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. वऱ्हाडचा हा भाग ब्रिटिश अमदानीत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई व १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले; त्या काळी मध्य भारतातील शिकारीची मुख्य साधने दोन होती : एक हाका, म्हणजे माणसांची रांग लावून आरडाओरड करीत जनावर बंदुकीच्या टप्प्यात आणणे, आणि दुसरे मचाण. हाक्याला लागणारी माणसे आसपासच्या गावांतूनच येत, आणि कोणते पाणी केव्हा आटते, कोणत्या वाटेने जनावर उतरते, हे ज्ञान जंगलालगत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या गोंड-कोलामांसारख्या समाजांपाशी होते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतात मचाण बांधून जागल करणे तर त्यांच्या रोजच्या जगण्याचाच भाग होता. शिकारकथांत नाव राहिले ते बंदूक चालवणाऱ्याचे. वाट दाखवणारा बहुधा निनावीच राहिला, आणि ही उणीव पुढील संवर्धनाच्या इतिहासातही पुरती भरून निघालेली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला आणि मचाणाचा उपयोग बदलला. याच कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीने ‘मानद वन्यजीव रक्षक’ या विनावेतन पदाला स्थान दिले, त्यामुळे सरकारी सेवेबाहेरच्या नागरिकालाही वन्यजीव रक्षणात अधिकृत जागा मिळाली. पाणवठ्यावरील प्रगणनेने तीच वाट सामान्य हौशी माणसासाठी खुली केली. पद्धत साधी होती : एका मचाणावर वनकर्मचारी आणि स्वयंसेवक यांनी रात्रभर, पुष्कळदा दिवस धरून चोवीस तास, बसायचे आणि पाण्यावर आलेल्या प्रत्येक प्राण्याची जात, संख्या, आल्याची वेळ आणि ओळखता आल्यास नर-मादी हे छापील तक्त्यात भरायचे. पौर्णिमा निवडली जाई ती चांदण्यामुळे, कारण विजेरी लावली की जनावर बुजते. बोलणे वर्ज्य, विडी-सिगारेट वर्ज्य, अत्तरही वर्ज्य. दिवसभर तापलेल्या फांद्यांवर निश्चल बसून नीलगायींचा कळप पाण्याला तोंड लावण्याआधी किती वेळ कान टवकारून उभा राहतो हे पाहणे, ही त्या नोंदीची खरी मेहनत होती.

आकड्यांचे शास्त्र मात्र या पद्धतीला पुरते साधले नाही. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर जाऊन दोनदा मोजले जाई, वळिवाचा पाऊस पडून डबकी भरली की प्राणी मुख्य पाणवठ्याकडे फिरकत नसत, आणि नोंद करणाऱ्यांचा अनुभव सारखा नसे. वाघांसाठी वापरली जाणारी पाऊलखुणांची पद्धतही अशीच शंकास्पद ठरत होती. राजस्थानातील सरिस्का येथून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर तिच्यावरचा विश्वास उडाला. तिच्या जागी कॅमेरा ट्रॅप आले, म्हणजे समोरून जाणाऱ्या प्राण्याचे आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे, ज्यांतून प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांवरून वेगळा ओळखता येतो. पुढे महाराष्ट्रात पौर्णिमेच्या रात्रीला ‘निसर्गानुभव’ हे नाव मिळाले आणि तिचा रोख गणनेकडून अनुभवाकडे वळला. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु ज्या कामात नागरिकाच्या नोंदीला शासनाच्या दप्तरात किंमत होती ते काम त्यामुळे संपले, ही हानीही लहान नव्हे.

या काळात टिपेश्वर परिसरात वाघ वाढले आणि संवर्धनाचा भार गावांवर आला. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले ती टी-१ अर्थात ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीजवळ गोळीने मारली गेली. त्या वेळी शहरांतील वन्यजीवप्रेमी तिच्या जिवासाठी न्यायालयात गेले होते, तर कापसाच्या शेतात एकट्याने जाण्याची सोय न उरलेली कुटुंबे तिच्या बंदोबस्ताची मागणी करीत होती. दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती, पण जोखीम एकाच बाजूला होती. टिपेश्वरमध्येच जन्मलेल्या आणि रेडिओ कॉलर बसवलेल्या एका तरुण वाघाने २०१९ मध्ये तेलंगण ओलांडून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत मजल मारली. त्याच्या एकूण भ्रमंतीचे अंतर सुमारे ३,००० किलोमीटर भरले, आणि त्यातली बरीचशी वाट अभयारण्यांच्या बाहेरून, शेते आणि गावशिवारांतून गेली. त्या वाटेवर ना मचाण होते, ना स्वयंसेवकाचा तक्ता. वाघ सुखरूप पुढे गेला यात वाटेवरच्या शिवारांतील माणसांच्या संयमाचा वाटा होता, आणि त्या माणसांची नोंद कोणत्याही प्रगणनेत नाही.