तांब्या : धातू गेला, शब्द उरला

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेस निघाले की सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर किल्ला, पायथ्याशी गाव. इतिहासग्रंथांत येते ते किल्ल्याचे नाव. पण खानदेशातील घरांत सोनगीरची ओळख तांब्यापितळेच्या भांड्यांची. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरांनीही येथील या उद्योगाची नोंद घेतली आहे. त्या भांड्यांपैकी एकाच्या नावाचा, 'तांब्या' या शब्दाचा, विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत 'ताम्र', प्राकृत 'तंब', मराठी 'तांबे'. आणि तांब्याचा म्हणून तांब्या. तांबट, तांबूस, गव्हावरील तांबेरा हे शब्द याच कुळातले. पहाटे 'तांबडे फुटते' तेही याच धातूच्या रंगाने. पुढे पात्र पितळेचे झाले, तरी नाव बदलले नाही. विसाव्या शतकात स्टेनलेस स्टील घरोघर पोचले, तेव्हा 'स्टीलचा तांब्या' म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. उलट धातू सांगावयाचा झाला तर 'तांब्याचा तांब्या' अशी द्विरुक्ती करावी लागते. तिळापासून निघालेले 'तेल' आज शेंगदाण्याचेही असते, आणि 'ग्लास' तर काचेचे नाव घेऊन स्टीलचा झाला. अर्थ द्रव्याकडून आकाराकडे व उपयोगाकडे सरकतो, तो असा.

येथवर हा कोशकाराचा विषय झाला. परंतु शब्द टिकला की वस्तूही टिकली, असा भ्रम होतो. तांब्यापितळेच्या भांड्यांमागे एक जग होते : पत्र्यावर ठोके घालून घाट देणारा तांबट, नवसागर आणि कथील घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला, चिंचेने भांडी घासणारे घरातले हात. स्टीलच्या तांब्याला यांतले कोणीच लागत नाही. शब्द तोच राहिल्यामुळे ही माणसे केव्हा दूर झाली, हे भाषेने आपल्याला कळूच दिले नाही.

आणखी एक गोष्ट. लग्नात वा बारशाला दिलेल्या भांड्यावर नाव आणि तारीख घालण्याची चाल होती. आमच्या मते असे प्रत्येक भांडे हा एक लहानसा कोरीव लेख आहे. ज्या राजवाड्यांनी शब्दाला इतिहासाचे साधन मानले, त्यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यातच झाले. १९२७ मध्ये तेथे स्थापन झालेल्या त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुने कागद जपले आहेत. भांड्यांना असे दप्तर नाही. ती वजनावर मोडीत जातात आणि नावासकट वितळतात.

म्हणून विद्यार्थी व अध्यापक मित्रांना एवढीच विनंती : घरचे जुने भांडे मोडीत घालण्यापूर्वी त्यावरील नाव, गाव, साल वहीत उतरवून घ्यावे. 'तांब्या' हा शब्द आपल्या बळावर टिकेल. त्यावर कोरलेल्या नावाला ते बळ नाही.