उबुंटू कोणाचं?

परवा भाचा विचारत होता, "मामा, लिनक्स फुकट आहे, तर कंपन्या ते बनवतात कशाला?" प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर देता देता चहा गार झाला. त्याला तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे जरा सलग लिहून काढतो.

सुरुवात रेड हॅटपासून करायला हवी. २००० च्या आसपास आपल्याकडे लिनक्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच लाल टोपी यायची. संगणकाच्या मासिकांबरोबर सीडी मिळायच्या, मग एकाची सीडी दहा जणांकडे फिरायची. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने जाहीर केलं, रेड हॅट लिनक्स बंद! नववी आवृत्ती शेवटची, तिच्या दुरुस्त्याही एप्रिल २००४ पर्यंतच. पैसे मोजणाऱ्यांना 'एंटरप्राइज लिनक्स', बाकीच्यांना फेडोरा. त्याच सुमारास कंपनीचे प्रमुख मॅथ्यू झुलिक यांनी घरगुती वापरासाठी तूर्त विंडोजच बरं, असंही सांगून टाकलं. लिनक्सवाल्यांना ते किती झोंबलं असेल, कल्पना करा.

व्यवहार बघितला तर त्यात गैर काही नव्हतं. पैसा येत होता तो सर्व्हरवाल्यांच्या वार्षिक वर्गणीतून. घरचा वापरणारा छदामही देत नव्हता. पण तो चुका शोधून कळवत होता, मित्रांच्या मशीनवर लिनक्स चढवून देत होता, आणि उद्या नोकरीला लागल्यावर "आपल्याकडे हेच घेऊ या" म्हणणारही तोच होता. हे सगळं कुठल्या खात्यात लिहायचं? ताळेबंदात त्याला रकाना नाही.

तर, ही जागा रिकामी झाली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने १९९९ साली आपली थॉट ही कंपनी व्हेरिसाइनला साडेसत्तावन्न कोटी डॉलरला विकली होती, २००२ मध्ये पदरच्या पैशाने अंतराळात जाऊन आला होता. आता त्याने कॅनॉनिकल ही कंपनी काढली. उबुंटू कायम फुकट राहील हे वचन, आणि वर 'शिपइट'. संकेतस्थळावर पत्ता भरायचा, की काही आठवड्यांनी सीड्या टपालाने घरपोच. टपालखर्चसुद्धा त्यांचाच! डायल-अपवर सातशे एमबी उतरवायला किती रात्री लागल्या असत्या, हे त्या काळच्या लोकांना सांगायला नको. माझ्याकडे आलेलं पाकीट बघून आमच्या पोस्टमनकाकांना मी परदेशी नोकरीला लागलो असंच वाटलं होतं :)

उबुंटूच्या नोंदवहीत 'चूक क्रमांक १' होती, ती खुद्द शटलवर्थने ऑगस्ट २००४ मध्ये नोंदवलेली. चूक अशी की बाजारात मायक्रोसॉफ्टचा वरचष्मा आहे. ही वाचून किती पोरं कामाला लागली असतील! मेनूंची मराठी भाषांतरं करणारे स्वयंसेवक होते, रात्री-अपरात्री नवख्यांच्या अडचणी सोडवणारे होते. गंमत म्हणजे ही भाषांतरं ज्या 'लाँचपॅड'वर व्हायची, त्याचा स्वतःचा सोर्स कोड जुलै २००९ पर्यंत बंदच होता. कुरबुर व्हायची, पण सीडी फुकट आणि ध्येय मोठं, त्यामुळे चालून जायचं.

मग एकेक गोष्टी कळू लागल्या. मार्च २०१० मध्ये खिडक्यांची बटणं उजवीकडून डावीकडे गेली. लोक वैतागले, तेव्हा शटलवर्थने स्वच्छ सांगितलं की सूचना जरूर करा, पण रचनेचे निर्णय मतदानाने होणार नाहीत. एप्रिल २०११ मध्ये युनिटी हा नवा डेस्कटॉप सगळ्यांच्या समोर आला, शिपइटही त्याच महिन्यात बंद झालं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तर आपल्याच संगणकावर फाइल शोधायला गेलं की ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसायला लागल्या. कंपनीला उत्पन्न हवं होतं, ते मला समजतं. पण टाइप केलेले शब्द न विचारता बाहेर पाठवणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. रिचर्ड स्टॉलमनने त्याला सरळ हेरगिरी म्हटलं. शेवटी २०१६ च्या आवृत्तीत हा शोध आपोआप चालू असणं थांबलं.

मला मात्र यापेक्षा मोठी घटना वाटते ती मे २०१३ ची. त्या महिन्यात शटलवर्थने चूक क्रमांक १ 'सुटली' म्हणून बंद केली. कारण काय, तर फोन आणि टॅब्लेट धरले तर मायक्रोसॉफ्टचं बहुमत उरलेलं नाही, ॲन्ड्रॉइड आलंय. हिशोब बरोबर होता. पण ज्या पोरांनी ती चूक मनावर घेतली होती, त्यांच्या कॉलेजातल्या, बँकेतल्या, शेजारच्या घरातल्या टेबलावर तेव्हाही विंडोजच होतं. कंपनीची लढाई संपली, यांची नव्हती.

पुढे एप्रिल २०१७ मध्ये फोन आणि युनिटी, दोन्ही गुंडाळले गेले. कंपनी क्लाउड आणि सर्व्हरकडे वळली, डेस्कटॉपवर ग्नोम परत आलं. फोनचं काम यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी उचललं. आणि ज्या युनिटीला सहा वर्षं शिव्या खाव्या लागल्या, ती बेवारस झाल्यावर लोकांना तिची आठवण यायला लागली. २०२० मध्ये आपल्याच देशातल्या एका शाळकरी मुलाने 'उबुंटू युनिटी' तयार केलं. २०२२ मध्ये कॅनॉनिकलच्या यादीत त्याला अधिकृत प्रकार म्हणून जागा मिळाली.