‘डिंपल’ ते ‘आशीर्वाद’: एका दिवाणखान्याचा मागोवा

आमच्या विदर्भातल्या मानोऱ्याकडच्या जुन्या सिनेमावेड्यांना मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवरचा राजेश खन्नाचा ‘आशीर्वाद’ बंगला माहीत होता तो बाहेरून. आतलं घर, तिथे बसून आलेल्यांच्या आठवणींतूनच जुळवावं लागतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला नट राजेंद्रकुमारनं हा बंगला घेतला, तेव्हा भुताटकीच्या बोभाट्यामुळे त्याला गिऱ्हाईक नव्हतं. किंमत साठेक हजार सांगतात. तेवढ्यासाठीही निर्माते बी. आर. चोप्रांकडून मानधन आगाऊ घ्यावं लागलं. पूजा घालून, लेकीच्या नावानं ‘डिंपल’ ही पाटी लागली आणि याच घरात तो ‘ज्युबिलीकुमार’ झाला. पछाडलेल्या वास्तूला लाभाची म्हणून कीर्ती मिळाली.

राजेश खन्नाला हवी होती ती ही कीर्ती. 1969च्या ‘आराधना’नंतर त्यानं बंगला साडेतीन लाखांना घेतला, असं सांगतात. ‘डिंपल’ हे नाव मात्र राजेंद्रकुमारनं पाली हिलच्या नव्या घरासाठी राखलं. म्हणून ‘आशीर्वाद’. 1973 साली याच घरात सून आली ती डिंपल कापडिया.

आता दिवाणखाना. संध्याकाळी तिथे राजेश खन्नाचा, म्हणजे ‘काकां’चा, दरबार भरायचा. निर्माते ताटकळत बसलेले असत. काका रेशमी लुंगी-कुर्त्यात यायचे. त्यांचं आसन इतरांपेक्षा उंच असे, असं तिथे बसलेले सांगत. मला सगळ्या घरात हीच गोष्ट मोलाची वाटते. कोण जवळ बसतो, कोणाला दाराशीच थांबावं लागतं, यावरून तेव्हाच्या हिंदी सिनेमातली पत कळत होती. पुढे अमिताभचा काळ आला आणि दरबारातली वर्दळ ओसरली.

18 जुलै 2012 रोजी काका याच घरात गेले. मागे न उघडलेल्या 64 सुटकेस सापडल्या. परदेशातून माणसांसाठी आणलेल्या आणि द्यायच्या राहून गेलेल्या भेटी त्यांत होत्या, असं चरित्रकार गौतम चिंतामणी सांगतात. घराचं संग्रहालय व्हावं ही काकांची इच्छा होती. 2014 साली सुमारे 90 कोटींना व्यवहार झाला आणि 2016 साली बंगला पाडला गेला. हॉलिवूडचे तारे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांचं बेव्हर्ली हिल्समधलं घर ‘पिकफेअर’ही 1990 साली असंच पाडलं गेलं.

आपल्या अमरावतीत जन्मलेल्या नट-दिग्दर्शक भगवानदादांचा जुहूचा 25 खोल्यांचा बंगला तर त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. अखेरची वर्षं दादरच्या चाळीत निघाली. त्या खोल्यांबद्दल कुणी फारसं बोलतही नाही. काकांच्या दरबारात बसलेली काही माणसं मात्र अजून आहेत. उंच आसन कुठे होतं, कोण कुठे बसे, हे त्यांच्याकडून आत्ताच कागदावर उतरवून घ्यायला हवं.