अनामत : इस्लामी न्यायनीतीचा एक धडा



मराठीतील 'अनामत' हा शब्द मूळचा अरबी 'अमानत'. विश्वासाने सोपविलेली, परत करावयाची ठेव, असा त्याचा अर्थ. इस्लामी न्यायशास्त्राने सत्तापदही अमानतच मानले. लाचेविषयीचा त्याचा सारा विचार ह्या एका कल्पनेवर उभा आहे.

बुखारीच्या हदीससंग्रहातील एक प्रसंग पाहा. जकात गोळा करून आलेला अंमलदार म्हणाला, की एवढे तुमचे आणि एवढे मला भेटीदाखल मिळालेले. हा आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर ह्या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय, असे पैगंबरांनी भर सभेत विचारले. पुढे हनफी शास्त्रकारांनी काझीसाठी नियम घातला : भेट घ्यावी ती जवळच्या आप्तांची अथवा नेमणुकीपूर्वीपासून देवघेव असणाऱ्यांची; तीही त्यांचा दावा समोर नसेल तरच. भेट माणसाला मिळाली की पदाला, ही खरी कसोटी.

ठेव बुडविण्याचा दुसराही मार्ग आहे. इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईनंतर खलिफा अलींनी लवाद मान्य केला, तेव्हा 'निवाडा केवळ ईश्वराचा' अशी घोषणा करीत खारिजी फुटून निघाले. शब्द खरे, पण हेतू खोटा, असे अलींचे उत्तर होते. त्यांनी इब्न अब्बासांना वादविवादासाठी पाठविले आणि पुष्कळजण परतले, असे परंपरा सांगते. ६६१ मध्ये मात्र एका खारिजीनेच अलींचा घात केला. लाचखाऊ न्याय विकतो, अतिरेकी तो बळकावतो. दोघांच्याही लेखी ती दुसऱ्याची ठेव उरत नाही.

हे दोन्ही प्रश्न आपल्या काळात इंडोनेशियापुढे एकदमच उभे राहिले. २००२ साली बालीतील बॉम्बस्फोटांत २०२ माणसे बळी पडली. त्याच वर्षी तेथे भ्रष्टाचारनिर्मूलन आयोगाचा कायदा झाला. पुढे काही शाळांतून विक्रेत्याविना उपाहारगृहे निघाली : मुलांनी खाऊ घ्यावा, पेटीत पैसे टाकावेत, सुटे पैसे स्वतःच उचलावेत. त्यांतील काही तोट्यात जाऊन बंद पडली. परंतु त्याच देशात धर्मखात्याचे दोन माजी मंत्री हज व्यवस्थेतील भ्रष्टाचाराबद्दल २००६ आणि २०१६ मध्ये दोषी ठरले, हे ध्यानात घेता मुलांनाच दोष का द्यावा?

वचने मुखोद्गत असणे पुरेसे नाही, हेच ह्या इतिहासावरून दिसते. खारिजींनाही ती मुखोद्गत होती. नियमामागचे कारण विचारण्याची आणि प्रतिपक्ष ऐकून घेण्याची सवय शाळेतच लागावी लागते. विद्यार्थी हीदेखील समाजाने आपणांकडे ठेवलेली अनामतच आहे, एवढे शिक्षकांना नम्रपणे सांगून मी आपली रजा घेतो.