के-टू, १९५४ : तेरा टनांचा हिशोब आणि बुटांचा एक जोड

#थ्रेड

१/
३१ जुलै १९५४. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन इटालियन गिर्यारोहक के-टूच्या माथ्यावर पोहोचले. उंची ८,६११ मीटर, म्हणजे एव्हरेस्टखालोखाल जगात दुसरी. त्याच वेळी आदल्या रात्री त्यांच्यासाठी प्राणवायू वर आणणारा एक माणूस गोठलेल्या पायांनी खालच्या छावणीत पडून होता. त्यांचे नाव अमीर महदी. ही मोहीम गिर्यारोहणाच्या इतिहासातील अत्यंत काटेकोर नियोजनाचे उदाहरण मानली जाते. त्या नियोजनात काय मोजले गेले आणि काय मोजायचे राहिले, याची ही कथा.

२/
आधी भूगोल. के-टू काराकोरम पर्वतरांगेत आहे. १८५६ साली सर्वेक्षण अधिकारी टी. जी. माँटगोमेरी यांनी दूरवरून दिसणाऱ्या शिखरांना क्रमांक दिले. त्यांतील ‘के’ हे अक्षर काराकोरमचे. इतर शिखरांची स्थानिक नावे कालांतराने नकाशावर आली. या शिखराला मात्र क्रमांकच चिकटून राहिला. कारण उघड आहे. शेवटचे गाव असकोले, आणि तेथून हे शिखर दिसतही नाही. गाव संपले की पुढे बाल्तोरो हिमनदीवरून कित्येक दिवसांची वाटचाल. वाटेत ना वस्ती, ना धान्य.

३/
अशा प्रदेशात मोहिमेचे नियोजन म्हणजे मुख्यतः वजनाचे गणित. समजा, १३ टन सामान तळछावणीवर न्यायचे आहे. माणशी २५ किलो ओझे धरले तर ५२० हमाल लागतात. पण हमालही जेवतात. वाटेत पीठ विकत मिळणार नसल्यामुळे त्यांचे पीठ वाहण्यासाठी आणखी हमाल लागतात, आणि त्या हमालांच्या पिठासाठी आणखी काही. शिखर जितके दुर्गम, तितका हा पसारा वाढत जातो. शेवटी माथ्यावर उभ्या राहणाऱ्या दोन माणसांच्या पाठीमागे शेकडो माणसांची पाठ असते.

४/
के-टूने १९५४ पूर्वी अनेकांना परत पाठवले होते. १९०९ साली इटलीचे आब्रुझ्झीचे ड्यूक येथे आले. शिखर हाती आले नाही, पण आग्नेयेकडील ज्या धारेवरून त्यांनी प्रयत्न केला, ती आजही ‘आब्रुझ्झी धार’ म्हणून ओळखली जाते. १९३८ साली चार्ल्स ह्यूस्टन यांच्या अमेरिकन तुकडीने हाच मार्ग योग्य असल्याचे दाखवून दिले. १९३९ साली फ्रिट्झ विसनर आणि पासांग दावा लामा शिखरापासून सुमारे अडीचशे मीटरवर पोहोचले. मात्र त्या मोहिमेत एक अमेरिकन आणि तीन शेर्पा अशा चौघांना प्राण गमवावे लागले.

५/
मग १९४७ साल आले आणि नियोजनाचा पायाच बदलला. पूर्वी या भागातील मोहिमा श्रीनगरहून निघत. फाळणी आणि काश्मीरमधील युद्धानंतर तो रस्ता बंद झाला. आता कराची, रावळपिंडी आणि तेथून विमानाने स्कर्दू असा मार्ग ठरला. दुसरा बदल माणसांचा. अतिउंचीवर ओझी वाहणाऱ्या अनुभवी शेर्पांना पाकिस्तानात नेणे दुरापास्त झाले. त्यांच्या जागी हुंझा खोऱ्यातील माणसे आली. पहाडाची सवय त्यांना जन्मजात होती. बर्फावरील दोर, कुऱ्हाड आणि उंचीवरच्या छावण्या हे तंत्र मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांना नवे होते.

६/
इटालियन मोहिमेचे नेते होते आर्दितो देसिओ. ते मिलान येथील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. १९२९ साली ते बाल्तोरो हिमनदीवर संशोधनासाठी येऊन गेले होते. १९५३ साली त्यांनी रिकार्दो कासिन या नामवंत गिर्यारोहकासह पुन्हा पाहणी केली. त्याच वर्षी ब्रिटिश मोहिमेने एव्हरेस्ट सर केले होते. महायुद्धातील पराभवातून सावरणाऱ्या इटलीला अशा यशाची आस होती. इटालियन आल्पाइन क्लब, राष्ट्रीय ऑलिंपिक समिती आणि राष्ट्रीय संशोधन परिषद अशा तीन संस्था मोहिमेच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

७/
देसिओंनी लष्करी शिस्तीने तयारी केली. आल्प्समध्ये भर हिवाळ्यात सराव शिबिरे घेतली. उमेदवारांची कसून वैद्यकीय तपासणी झाली. या तपासणीत खुद्द कासिन अपात्र ठरले, आणि त्या निर्णयाविषयी पुढे अनेक वर्षे शंका घेतली गेली. अखेर अकरा गिर्यारोहक निवडले. त्यांतील सर्वांत तरुण वाल्टर बोनाती. मोहिमेच्या काळात त्यांनी वयाची २४ वर्षे पूर्ण केली. सामान सुमारे १३ टन आणि हमाल पाचशेहून अधिक. देसिओंनी विमानातून शिखराभोवती फेरी मारून मार्गही न्याहाळला.

८/
प्रत्यक्षात हिमनदीवर हिमवृष्टीने गाठले. अनेक हमालांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि सामान टप्प्याटप्प्याने न्यावे लागले. आब्रुझ्झी धारेवर दोर कायमचे बांधून ओझी रहाटाने वर ओढण्याची सोय केली गेली. २१ जून रोजी दुसऱ्या छावणीत मारिओ पुकोझ यांचा मृत्यू झाला. निदान न्यूमोनियाचे होते. आज अभ्यासक त्याला अतिउंचीमुळे फुप्फुसांत पाणी साचण्याचा विकार मानतात. या विकाराचे गाजलेले वर्णन १९६० साली प्रसिद्ध झाले, आणि ते लिहिणारे डॉक्टर म्हणजे के-टूवरून दोनदा परतलेले तेच चार्ल्स ह्यूस्टन.

९/
जुलैअखेर योजना शेवटच्या टप्प्यावर आली. अंतिम चढाईची सूत्रे देसिओंनी आकिले कोंपान्योनी यांच्याकडे दिली होती. ते आणि लिनो लाचेदेल्ली यांनी ३० जुलैला नववी छावणी उभारायची. दुसऱ्या तुकडीने खालून प्राणवायूचे संच आणून संध्याकाळपर्यंत त्याच छावणीत पोहोचवायचे. ३१ तारखेला शिखर. एका संचाचे वजन सुमारे १८ किलो. आठ हजार मीटरवर एकेक पाऊल टाकताना धाप लागते. तेथे १८ किलो म्हणजे काय, याची कल्पना करावी. संपूर्ण मोहिमेचे यश आता या दोन ओझ्यांवर येऊन ठेपले होते.

१०/
ही ओझी उचलणारे होते बोनाती आणि अमीर महदी. महदी हुंझाचे. आदल्या वर्षी नंगा पर्बतच्या यशस्वी मोहिमेतही ते होते. हुंझाच्या सोबत्यांत त्यांच्याइतका तगडा माणूस विरळाच. तरीही त्यांना एवढ्या उंचीवर ओझे घेऊन येण्यास राजी करणे सोपे नव्हते. बोनातींनी पुढे स्वतःच लिहिले की, कदाचित आपल्यालाही शिखरावर जाता येईल, अशी आशा त्यांनी महदींना दाखवली होती. वाटेत एरिक आब्राम यांनी काही काळ साथ दिली आणि ते मागे फिरले. पुढे दोघेच उरले.

११/
महदींच्या पायांत काय होते, हे येथे सांगायला हवे. इटालियन गिर्यारोहकांना अतिउंचीसाठी बनवलेले खास बूट मिळाले होते. महदींकडे साधे लष्करी बूट होते, आणि तेही त्यांच्या पायांना लहान. रहाटापासून प्राणवायूच्या नळकांड्यांपर्यंत सारे काही इटलीहून आलेल्या या मोहिमेत, सर्वांत वरच्या छावणीकडे निघालेल्या माणसाच्या मापाचा बुटांचा जोड नव्हता.

१२/
संध्याकाळी दोघे ठरलेल्या जागी आले. तेथे तंबू नव्हता. कोंपान्योनींनी छावणी ठरल्यापेक्षा वर, डावीकडच्या खडकांच्या आडोशाला नेली होती. तिथवर जाण्याचा मार्ग धोक्याचा, त्यात अंधार पडलेला. हाका मारल्यावर वरून एक दिवा क्षणभर दिसला. प्राणवायू तेथेच ठेवून खाली जा, असा निरोप आला आणि दिवा मालवला. त्या अंधारात तो तीव्र उतार उतरणे, विशेषतः हवालदिल झालेल्या महदींना, अशक्य होते. सुमारे ८,१०० मीटरवर, बर्फात खोदलेल्या लहानशा कपारीत, तंबू किंवा झोपण्याच्या पिशवीशिवाय दोघांनी रात्र काढली.

१३/
पहाट फुटताच महदी उतरू लागले. मागाहून बोनातीही निघाले. बोनाती सहीसलामत वाचले. महदींच्या पायांना तीव्र हिमदंश झाला होता. दरम्यान कोंपान्योनी आणि लाचेदेल्ली यांनी खाली येऊन प्राणवायूचे संच उचलले आणि शिखर गाठले. इटलीत जल्लोष झाला. महदींच्या वाट्याला रुग्णालयातील दीर्घ मुक्काम आला आणि पायांची सर्व बोटे गमवावी लागली. गिर्यारोहणाचे त्यांचे आयुष्य तेथेच संपले.

१४/
यानंतर सुरू झाला कागदावरचा संघर्ष. अधिकृत वृत्तान्तात ती रात्र दोन ओळींचा तपशील ठरली. शिखराआधीच प्राणवायू संपला, असे विजेत्यांचे म्हणणे होते. १९६४ साली एका वृत्तपत्राने त्यापुढे जाऊन आरोप केला की, रात्री बोनातींनीच प्राणवायू वापरला. बोनाती न्यायालयात गेले आणि १९६६ साली जिंकले. त्यांचा मुद्दा साधा होता : श्वास घेण्याचे मुखवटे वरच्या तंबूत होते. मुखवट्याविना नळकांडे म्हणजे नुसते लोखंड.

१५/
१९९३ साली रॉबर्ट मार्शल या ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सकांनी शिखरावरच्या एका जुन्या छायाचित्राकडे लक्ष वेधले. ते पर्वतारोहणाच्या एका वार्षिकात पूर्वीच छापून आले होते. त्यात कोंपान्योनींच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा दिसतो. प्राणवायू आधीच संपला असता, तर जड संच आणि मुखवटा माथ्यापर्यंत कशाला वागवला असता? पुढे खुद्द लाचेदेल्ली यांनीही छावणीची जागा मुद्दाम बदलल्याचे मान्य केले. इटालियन आल्पाइन क्लबने २००४ साली तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि २००८ साली बोनातींची बाजू अधिकृतपणे स्वीकारली.

१६/
या प्रकरणाकडे बहुधा दोन इटालियनांचा तिसऱ्याशी झालेला वाद म्हणून पाहिले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : साधने कोणाच्या हाती होती? बोनातींकडे लेखणी होती, वकील होते, वाचक होते. तरीही न्याय मिळायला अर्धे शतक गेले. महदी हुंझातील आपल्या गावी परतले. त्यांची साक्ष दुभाष्यांमार्फत आणि अधिकाऱ्यांमार्फत नोंदली गेली, आणि प्रत्येक पक्षाने ती आपापल्या सोयीने वापरली. १९९९ साली त्यांचे निधन झाले. क्लबचा निर्णय त्यांना पाहता आला नाही.

१७/
देसिओंचे नियोजन फसले, असे म्हणता येणार नाही. शिखर सर झाले. तेरा टन सामान, पाचशे हमाल, दोर, रहाट आणि नळकांडी नसती, तर ३१ जुलैचा तो क्षण आला नसता. पण योजनेची वही उघडली की तिच्यात त्या काळाची उतरंडही लिहिलेली दिसते. कोणाला नाव, कोणाला क्रमांक. कोणाला मापाचे बूट, कोणाला उरलेसुरले. ही उतरंड एकट्या इटालियनांची नव्हती. हिमालय आणि काराकोरममधील जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोहिमेच्या वहीत ती सापडते.

१८/
के-टूच्या माथ्यावर पहिल्यांदा एका पाकिस्तानी गिर्यारोहकाचे पाऊल पडले ते १९७७ साली, जपान-पाकिस्तान मोहिमेतील अश्रफ अमान यांच्या रूपाने. मधल्या २३ वर्षांत कोणीही या शिखरावर पोहोचले नव्हते. आब्रुझ्झी धारेवर १९५४ साली महदी जेथवर गेले, तेथून माथा पाचशे-एक मीटर उरला होता. ‘के-टू कोणी सर केले?’ या प्रश्नाच्या उत्तरात दोन नावे येतात, आणि ती बरोबरच आहेत. प्रश्न ‘के-टू कसे सर झाले?’ असा विचारला, तर मात्र उत्तरात अमीर महदी हे नाव आल्यावाचून राहत नाही.

(थ्रेड समाप्त)